गळ्यावरची रेघ

माझ्या आईच्या मरणाचा पाव आईनेच दार उघडून हातात घेतला.

सकाळची वेळ होती. मी मागच्या अंगणात माती चाळत होते. दारावर थाप पडली तशी आई उठली आणि भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेली. बाहेर युफेमिया मावशी उभी. आईची चुलत बहीण, नदीपलीकडच्या गावात दिलेली. डोक्यावरून काळी शाल, हातात टोपली, टोपलीत फडक्याखाली भट्टीतले गरम पाव, आणि मागे तिचा नवरा लाल मिरचीच्या रश्श्याचं पातेलं सांभाळत उभा. मावशीने आईला पाहिलं आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आईला एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक दिसतं. पण काळी शाल तिला बरोब्बर दिसली.

"युफेमिया ना गं? अगं बाई, कोण गेलं?"

मावशी म्हणाली, "तू."

मी चाळणी टाकून धावले. तोवर मावशी उंबऱ्यावरच बसली होती आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही करत होती. तिचा नवरा पातेलं घेऊन तसाच उभा. कुणाच्या दारी मरणाचा पाव आणला की तो परत नेता येत नाही, ही आमच्याकडची रीत. आईने टोपली ओढून घेतली.

"आणलायस तर दे. मेले तरी भूक लागतेच."

मग मावशीने सांगितलं. दात दाखवायला म्हणून ती शहरात, सांता फेला गेली होती. दवाखान्यातून येताना, आमची मडकी विकतात त्या मोठ्या गॅलरीच्या काचेमागे तिला आईचं मडकं दिसलं. वर दिवा सोडलेला, खाली पाटी. पाटी तिने वाचली नाही. मडकं वाचलं.

"तुझ्या गळ्यावरची रेघ बंद होती, क्रेसेन्सिया. पुरी फिरवलेली. मी काचेवरून बोट फिरवलं, कुठे फट म्हणून नाही. मग तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले. लोक मला पाणी द्यायला लागले."

"अगं मावशी, एक फोन करायचास की!" मी ओरडलेच.

"मेलेल्याच्या घरी फोन करून काय विचारतात गं? मेली का म्हणून?"

ती काही चुकली नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही पावाचं पीठच भिजवलं असतं.

आमच्या घरातल्या बायका मडक्याच्या गळ्याभोवती काळी रेघ काढतात, पण ती पुरी करत नाहीत. बोटभर जागा सोडतात. का सोडतात, हे विचारू नका. जन्मभर मी हेच ऐकत आलेय. रस्त्याच्या कडेला मडकी मांडून बसलं की कुणीतरी येतं, फटीवर बोट ठेवतं आणि म्हणतं, हे राहून गेलंय वाटतं. नाहीतर दुसरा येतो, त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, तो मलाच समजावून सांगतो. सांगण्यासारखं तेवढं सांगते. जिचं मडकं, तिची ती वाट. ती बाई हिंडतेफिरते आहे तोवर वाट मोकळी. ती गेली की तिचं घरात राहिलेलं एखादं न भाजलेलं मडकं घेऊन मुलगी त्याची रेघ पुरी करते. तेवढं एकच मडकं बंद रेघेचं असतं आणि ते घराबाहेर जात नाही. आजीच्या मडक्याची रेघ आईने पुरी केली होती. ते आमच्या कोनाड्यात आहे. त्यात आम्ही काही ठेवत नाही.

मावशी गेल्यावर आई टेबलाकडे गेली. टेबलावर ओल्या फडक्याखाली अर्धं झालेलं मडकं होतं, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून खांद्यापर्यंत आणलेलं. तिने फडकं उचललं, हाताने कड चाचपली आणि फडकं पुन्हा टाकलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आई, माती वाळेल," मी म्हटलं.

"वाळू दे. मेलेल्या माणसाने मातीत हात घालू नये."

"तू मेलेली नाहीस!"

"मी जागा सोडली होती, डेल्फिना. मला चांगलं आठवतंय. माझी वाट कुणीतरी बंद केली. आता मी कुणाचं मडकं करू?"

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच बसली. तिसऱ्या दिवशीही. मी फडकं भिजवून टाकत राहिले, पण मातीवर हात फिरला नाही की माती रुसतेच. कडेला चीर गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या हात थांबवतात तेव्हा काय होतं ते मी दोन घरं सोडून पाहिलंय. आधी हात थांबतात, मग जेवण, मग बोलणं. माझी आई खुर्चीत बसून मरायला लागली होती, आणि कारण काय, तर काचेमागच्या एका मडक्यावरची बोटभर रेघ.

माझं डोकं फिरलं. कुणी केलं असेल याबद्दल मला शंकाच नव्हती. मागच्या साली गॅलरीत एका मडक्याच्या काठाचा टवका उडाला होता. त्यांनी आम्हाला न विचारता कुणा कारागिराकडून तो भरून, वर रंग लावून घेतला होता. आता त्याला ही फट दिसली असणार आणि शहाण्याने तीही भरून टाकली असणार. त्या लोकांचा रंग भाजलेला नसतो, नखांवरच्या रंगासारखा वरच्यावर असतो, पुसला की निघतो. म्हटलं, जायचं आणि पुसून यायचं. गॅलरी त्या मालकिणीची असेल, वाट माझ्या आईची आहे.

शेजारीच माझी धाकटी बहीण व्हर्लिंडा राहते. ती घरी नव्हती, दार उघडंच होतं. तिच्या मोरीतल्या फळीवरून नखांचा रंग काढायची बाटली उचलली, कापूस उचलला आणि गाडी काढली. सांता फेपर्यंत मी त्या गॅलरीवाल्या बाईला इतक्या शिव्या दिल्या की आमच्या भाषेतल्या संपल्या, मग इंग्रजीतल्या घेतल्या.

मिसेस लॉफ्टन. उंच, पांढऱ्या केसांची, बोलणं लोण्यासारखं. माझ्या अख्ख्या खानदानाने मिळून घातले नसतील इतके फिरोजे एकटीच्या अंगावर. मला बघून तिने दोन्ही हात पसरले.

"डेल्फिना! किती दिवसांनी! आईंची तब्येत कशी आहे?"

हा प्रश्न ती नेहमीच विचारते. मला ती माणुसकी वाटायची.

मी सरळ खिडकीपाशी गेले. मडकं तिथेच होतं. पोपटाच्या नक्षीचं, मोठ्या पोटाचं आणि इतकं पातळ की टिचकी मारली तर घंटा वाजावी. आई नुसत्या हाताच्या अंदाजाने गेल्या हिवाळ्यात ते करत होती तेव्हा मी पाहिलं होतं. पोपट व्हर्लिंडाने रंगवले होते. आईचे डोळे गेल्यापासून पोटावरची नक्षी तीच रंगवते, त्यात काही चोरी नाही. पण गळ्याची रेघ आई स्वतः काढते. मार्चमध्ये मी मुलीच्या बाळंतपणाला गॅलपला गेले होते, तेव्हा हे मडकं भाजलं, त्यामुळे तयार झाल्यावर मी ते आजच बघत होते. खाली पाटी होती: 'क्रेसेन्सिया यांचं अखेरचं मडकं.'

आणि गळ्यावर रेघ. बंद. गोल फिरून आपल्याच शेपटीला भिडलेली.

मी बाटली काढली, बोळा भिजवला आणि घासायला लागले.

मिसेस लॉफ्टन किंचाळली. एवढ्या वर्षांत तिचा खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "डेल्फिना! काय करताय! थांबा! ते काय आहे हातात?"

"तुमच्या कारागिराने घातलेली घाण काढतेय. आडव्या येऊ नका."

"कुठला कारागीर? त्याला कुणीही हात लावलेला नाही!"

मी बोळा उलटून बघितला. पांढरा. पुन्हा भिजवला, पुन्हा घासलं. पांढराच. रेघ जिथल्या तिथे. मग मी नखाने खरवडलं, आणि नखाला कळलं. ती रेघ भाजलेली होती. आगीत जायच्या आधीच ती काढलेली होती.

एवढा राग घेऊन आले होते आणि आता तो ठेवायला जागा उरली नाही.

मी मडक्यावर वाकून नीट पाहिलं. आई कुंचला टेकवते तिथे रेघ जाड असते आणि जाते तिकडे बारीक होते. सगळी रेघ तशीच होती. फक्त तेवढ्या बोटभर जागेत उलटं होतं. जाडी भलत्या बाजूला, बारीक टोक भलत्या बाजूला. डाव्या हाताने काढलेलं.

माझी बहीण डावखुरी आहे.

"व्हर्लिंडाने तुम्हाला सांगितलं नाही?" मिसेस लॉफ्टनचा आवाज पुन्हा लोण्यावर आला होता. "मडकं घेऊन आली तेव्हा तिनेच सगळं समजावलं. आईंनी आता थांबायचं ठरवलंय, म्हणून रेघ पुरी केली, म्हणाली. आम्ही सगळे किती हळवे झालो त्या दिवशी. सन्मान म्हणून तर खिडकीत ठेवलंय. आज दुपारी डॅलसचे एक गृहस्थ खास बघायला येतायत."

"माझी आई जिवंत आहे."

"अहो, देवाची कृपा! मी कुठे नाही म्हणतेय? अखेरचं म्हणजे कामातलं अखेरचं."

"तिच्या टेबलावर अर्धं मडकं आहे."

तिचे डोळे चमकले. खोटं सांगत नाही, चमकले. "अर्धं?" ती म्हणाली. "पूर्ण होण्यासारखं आहे? म्हणजे मग कदाचित तेच खरं अखेरचं..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. अंगातला कोट काढला, मडकं त्यात गुंडाळलं आणि उचललं.

"असं नेता येणार नाही तुम्हाला!"

"विकलं जाईपर्यंत मडकं आमचं, हे तुमच्याच तोंडचं आहे. विकलंत का?"

"पण ते गृहस्थ येतायत! डेल्फिना, मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. सांगा त्यांना, मेलेल्या बाईने आपलं मडकं परत मागवलंय."

पाटी मी तिथेच उलटी टाकली आणि बाहेर पडले. शेजारच्या सीटवर मडकं ठेवलं, त्याला पट्टा बांधला. जाताना जिला शिव्या घातल्या ती दुसरीच निघाली होती. खापर मी भलत्याच डोक्यावर फोडलं होतं, अर्थात ते डोकंही काही साधं नव्हतं. पण परक्याचा राग सोपा असतो. त्याने केलं, त्याला काय कळतंय, असं म्हणून मोकळं होता येतं. व्हर्लिंडाला सगळं कळत होतं. आईने आजीच्या मडक्याची रेघ कशी पुरी केली ते आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून पाहिलं होतं.

घरी आले तर ती आईच्याच घरात होती. मरणाचा पाव कापून, तव्यावर गरम करून आईला देत होती! शेजारी तिने आणलेलं सूप. मी मडकं टेबलावर ठेवलं आणि कोट बाजूला केला. तिच्या हातातली सुरी थांबली.

"तू माझ्या मोरीतली बाटली नेलीस?" ती म्हणाली.

"बाटली दिसली तुला? मडकं नाही दिसलं?"

"ताई, हळू बोल. आई..."

"आईला मारताना हळूच मारलंस ना? आता मी ओरडते. ही रेघ कुणी काढली?"

मी तिचा डावा हात धरला आणि मडक्याच्या गळ्यावर नेऊन आपटला. "कुणी काढली?"

"मी," ती म्हणाली. "सोड. मला बोलू देशील की नाही? आईच म्हणाली होती, आता पुरे झालं, दिसत नाही."

"ती दर हिवाळ्यात म्हणते! तुझ्या जन्माच्या आधीपासून म्हणते!"

"तुला काय गं, तू इथे अंगणात बसून माती चाळतेस. तिकडे जाते मी." आता तिचाही आवाज चढला. "दारातून आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, आईंची तब्येत कशी आहे. दर वेळी. मलाही आधी बरं वाटायचं. मग एकदा आतल्या खोलीतून ऐकलं, ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, थोडं थांबा, आता फार दिवस नाहीत. ताई, ते थांबलेत. गिधाडं थांबतात तसे. सगळ्यांना शेवटचं पाहिजे. म्हटलं, देऊन टाकावं एकदाचं यांना शेवटचं, म्हणजे विचारायचं बंद करतील. मग आईने घरी बसून काय हवं ते करावं."

"आणि पुढचं मडकं झालं असतं ते? ते काय भुताने केलं म्हणून सांगणार होतीस?"

"ते घरात राहिलं असतं. तिकडे कशाला न्यायचं?"

"म्हणजे आईला त्रास होऊ नये म्हणून तू आईला संपवून टाकलंस."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त संताप आला. ती बाई 'अर्धं?' म्हणाली तेव्हाचे डोळे मी नुकतेच बघून आले होते. पण गिधाडं बसली म्हणून कुणी आपलं माणूस त्यांच्यापुढे आडवं करतं का?

"झालं का दोघींचं?" खिडकीतून आई म्हणाली. "आण ते इकडे."

मी मडकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आतून अंगठा फिरवला, पोटापासून गळ्यापर्यंत, सावकाश. मग मडकं उचलून चांगल्या डोळ्याजवळ नेलं आणि उजेडाकडे फिरवत राहिली. रेघेशी आल्यावर थांबली.

"छान झालंय," ती म्हणाली. "इतकं पातळ माझ्या हातून दुसरं झालं नाही."

व्हर्लिंडा पुढे झाली. "आई, मी..."

"मला माहीत होतं. मी जागा सोडून तुझ्या हातात दिलं, तू भाजलंस. मधे कोण येणार? वारा? मी या खुर्चीत बसले होते ती तू येऊन सांगशील म्हणून. तू रोज आलीस. आणि काय आणलंस? सूप!" आईचा आवाज असा चढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "सूप आणलंस! भोपळ्याचं!"

व्हर्लिंडाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नकोस. मेलेल्यापुढे रडतात, माझ्यापुढे नको. तुझ्या आजीची रेघ मी पुरी केली तेव्हा आधी तिचे पाय धुतले होते. गार पडले होते ते पाय. तू माझे पाय धुतलेस का? धुतलेस?"

"नाही."

"मग तुला रेघ ओढायचा हक्क कुणी दिला?"

तव्यावरचा पाव करपायला लागला होता, तो मी उतरवला. तेवढंच मला सुचलं.

आईने मडकं व्हर्लिंडापुढे धरलं. "घे. फोड."

"आई, नको." व्हर्लिंडा मागे सरकली. "हवं तर मी ते कोनाड्यात ठेवते. कुणाला दाखवणार नाही. पण फोडू नको. याच्यासारखं दुसरं नाही."

"आणि माझ्यासारखी दुसरी आहे?"

"ताई, तू सांग ना गं तिला!"

मी तोंड फिरवलं. तिची बाजू घ्यायची माझी इच्छा नव्हती, आणि फोड म्हणायला जीभ उचलत नव्हती. आयुष्यभर माती मळतेय, तरी असं मडकं माझ्या हातून झालेलं नाही आणि होणारही नाही. ते फुटावं असं मला वाटत नव्हतं, आणि आईने खुर्चीतच बसून राहावं असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम मिळत नाही याचाही राग आला.

"भाजलेली रेघ पुसता येत नाही," आई म्हणाली. "तुझी बहीण बाटली घेऊन गेली, येडी. भाजलेलं एकाच रीतीने मोकळं होतं. तू बंद केलंस, तूच फोड. मला आता भूक लागलीय, लवकर आटप."

व्हर्लिंडा मडकं घेऊन दाराबाहेर गेली. पायरीच्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिली. मग आवाज आला. मला वाटलं होतं मोठा येईल, पण थाळी पडावी इतपतच आला. आईने करपलेल्या पावाचा तुकडा तोडून रश्श्यात बुडवला.

"युफेमियाच्या हाताला मीठच नाही," ती म्हणाली. "माझ्या मरणाला तरी नीट घालायचं."

आमच्या मातीत जुन्या खापऱ्यांची पूड पडल्याशिवाय मडकं आगीत टिकत नाही. पणजीच्या मडक्याची पूड आजीच्या मडक्यात, आजीच्याची आईच्यात, असं चालत आलंय. व्हर्लिंडाने सगळ्या खापऱ्या वेचल्या, पायरीच्या फटीतल्यासुद्धा, आणि दगडी पाट्यावर वाटायला बसली. आईने आपली खुर्ची खिडकीपासून ओढून तिच्या डोक्याशी आणून ठेवली. मुकादमासारखी बसली. व्हर्लिंडाने चिमूट पुढे करायची, आईने जिभेवर टेकवून बघायची आणि म्हणायचं, "कचकच लागतेय. अजून." पोपटांचे डोळे, पंख, ती काळी रेघ, सगळं एका रंगाची भुकटी होईपर्यंत ती वाटत राहिली. तिची बोटं सोलली. मला कीव आली असं म्हणणार नाही. मी चाळणी पुढे केली, पण तिच्याकडे न बघता.

चीर गेलेलं अर्धं मडकं आईने स्वतः मोडलं, पाण्यात भिजवलं, त्यात ती पूड घातली आणि मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले. तेव्हा मी अंगणात जाऊन जरा वेळ एकटी बसले.

युफेमिया मावशी टोपली न्यायला आली तेव्हा नवं मडकं गळ्यापर्यंत चढलं होतं. तिने दारातूनच विचारलं, "पाव संपला का गं?"

"संपला," आई म्हणाली. "पुढच्या वेळी मीठ घाल."

"पुढच्या वेळी तू खाणार नाहीस, भवाने."

दोघी हसत सुटल्या. व्हर्लिंडा नाही हसली. मीही नाही.

मडकं वाळलं, त्याच्यावर पांढरी माती चढवून घोटून झालं. रेघेच्या दिवशी आईने युक्का नावाच्या झुडपाच्या पात्याचं टोक चावून कुंचला केला. व्हर्लिंडाने मडकं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं, आईने कुंचला एका जागी टेकवून ठेवायचा. मी समोर बसले होते. रेघ कापत निघाली, मधे फुगली, मधे बारीक झाली, खाली उतरली, वर चढली. पूर्वीची सुतासारखी रेघ ती नव्हती. फिरत फिरत पहिल्या टोकाच्या जवळ येऊ लागली, आणि चांगलं तळहाताएवढं अंतर बाकी असतानाच आईने कुंचला उचलला.

"आई, अजून थोडं पुढे घे," व्हर्लिंडा म्हणाली. सवयीने म्हणाली असेल. "फारच जागा राहिली."

आईने कुंचला फाडकन तिच्या डाव्या हातावर मारला. मनगटापासून बोटांपर्यंत काळा ओरखडा उमटला. तो रंग आम्ही रानपाला आटवून करतो, कातडीवरून लवकर निघत नाही. व्हर्लिंडाने हात मागे घेतला नाही, पुसलाही नाही.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात मडक्याला, म्हणून मीच बटण दाबलं. आवाज खोलीभर झाला, लोण्यासारखा.

"व्हर्लिंडा, मी लॉफ्टन. झालं गेलं सोडून देऊ या. आधी सांग, आईंची तब्येत कशी आहे?"

व्हर्लिंडाने हातावरच्या काळ्या ओरखड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खापऱ्या वाटल्या त्या दिवसापासून मी तिच्या नजरेला नजर दिली नव्हती, ती आता दिली.

"रागावलीय," ती म्हणाली.

"अरेरे. कुणावर?"

"तुमच्यावर. माझ्यावर. अजून बरीच वर्षं पुरेल इतकी रागावलीय."

व्हर्लिंडाच्या हातातलं मडकं जरा कललं.

"ठेव तो," आई म्हणाली. "मडकं नीट धर. रंग वाळतोय."